तिनं शिवलेल्या सीटा

दोन भावांनी एका शेडमध्ये स्वतःच्या नावाची मोटार काढली, तेव्हा धाकट्याच्या बायकोनं सीटा शिवायचं काम अंगावर घेतलं. नवरा पत्रा ठोकायचा आणि ती शेजारीच मशीनवर बसायची. "तुमची ठोकाठोक थांबली की मला झोप येते," असं म्हणून हसायची. पुढे मोठ्या कंपन्यांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही, शेडला टाळं लागलं. मग तीही गेली. तिच्या हातचं असं घरात काहीच उरलं नव्हतं.

परवा त्यांच्या लेकीनं शोध लावला. त्यांची एक गाडी एका हौशी डॉक्टरकडे अजून धावत होती. आता म्हातारा झालेला तिचा बाप इस्त्रीचा शर्ट घालून लेकीबरोबर बघायला गेला. डॉक्टरनं मोठ्या कौतुकानं गाडीचं दार उघडलं. आत कोरं करकरीत लाल चामडं होतं.

"जुन्या सीटा पार विरल्या होत्या हो काका, टाकून दिल्या. आता कशी दिसतेय?"

म्हाताऱ्यानं नव्या चामड्यावरून हात फिरवला. "झकास," तो म्हणाला.

लेक फाटकापाशीच थांबली होती, तिला आत यायचा धीर झाला नव्हता.

"दिसल्या का आईच्या सीटा?"

"दिसल्या की," म्हणताना त्याला रडू फुटलं. तिला वाटलं, बाबा आनंदानं रडताहेत. तिनं त्याला पोटाशी धरलं.