शिबिरासाठी सरवा

माझ्यासोबत शाळेत शिकवणारे गणिताचे सर एका जागी बसतील तर शपथ. हाताला सतत चाळा, खडू नाहीतर काडी. लेकरांच्या शिबिराला पैसा जमेना, तेव्हा त्यांनीच सुचवलं, "कापणी झालेल्या रानात सांडलेलं सोयाबीन वेचून विकू."

पोरं वेचू लागली, तोच बांधावर रिकाम्या पिशव्या घेतलेल्या बाया दिसल्या. दरसाल हा सरवा त्याच वेचतात. सरांनी सगळं सोयाबीन त्यांच्या पिशव्यांत ओतायला लावलं.

"ऱ्हाऊ द्या सर, लेकरायसाठीच हाय," एक म्हातारी म्हणाली.

"न्हाई मावशी, तुमचं हाय ते."

परतताना माझ्या गाडीवर मागे सरांची चुळबुळ चालूच. "आता शिबिराचं कसं करावं?" बोलता बोलता हात खिशात गेला. सोयाबीनच्या चार शेंगा निघाल्या.

"गाडी वळवा," ते म्हणाले.