माझ्या पापण्या आणि ह्यांची अब्रू

आमच्या ह्यांनी मला आजवर एकदाही मारलेलं नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण भोकरदनात आता ते कुणाला पटत नाही.

माझ्या वरच्या पापण्या लोंबून डोळ्यांवर आल्या होत्या. सुईत दोरा ओवायचा तर एका हाताने पापणी उचलून धरावी लागे. (मग सुई कोण धरणार? हे.) त्यात लेकीचा साखरपुडा महिन्यावर आलेला. जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जादा कातडी काढून टाके घालू. सूज येईल, डोळे काळेनिळे पडतील, मग उतरेल सगळं. थंड शेक द्या, उशी उंच घ्या."

काळेनिळे हा शब्द मी ऐकलाच नाही. ह्यांना मात्र शपथ घातली, "कुणाला सांगायचं न्हाई. या वयात नटायला निघाली म्हणतील."

"बरं," हे म्हणाले. हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. बोलणं तसंही कमीच.

टाके घालून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं, तर डोळ्यांच्या जागी दोन वांगी! शेजारच्या शकीलाभाभी आल्या, माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं आणि फोन काढतच परत गेल्या. संध्याकाळी माझा थोरला भाऊ अंबडहून हजर.

"दाजी, तुमच्याकडून ही उमेद नव्हती."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. मग हेही खाली मान घालून गप्प. दादा बोलत राहिला, ह्यांचा चहा तसाच निवून गेला. शेवटी मलाच राहवेना.

"दादा, मी ऑपरेशन करून आल्ते. हे बघ टाके."

दादाने वाकून टाके पाहिले. त्याचे डोळे भरून आले. "टाके पडेस्तोवर मारलं? आन् तू अजून त्यांनाच वाचवून राह्यली?"

डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तेव्हा कुठे त्याला पटलं. त्याने ह्यांचे हात धरून माफी मागितली. पण तोवर बातमी गल्लीतून व्याह्यांपर्यंत गेली होती.

"मी उगाच तुमच्या तोंडाला कुलूप लावलं," मी ह्यांना म्हणाले.

"जाऊ दे. तुला आता नीट दिसायलंय ना?"

ते वाक्य मला अजून टोचतं.

साखरपुड्यापर्यंत सूज उतरली. फोटोत माझे डोळे खरंच मोठे आलेत. इतके मोठे, की बघणारा प्रत्येक जण म्हणतो, "बिचारी किती घाबरलेली दिसते."