मिलिमीटर आणि बिननावाचा भुंगा

माझे साडू आयुष्यभर यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कचेरीत सगळे त्यांना ‘मिलिमीटर’ म्हणत. निवृत्तीनंतर घरातही तेच नाव रूढ झाले. नकाशाच्या कोपऱ्यातील चौकटीत भागाचे नेमके नाव लिहिल्याखेरीज त्यांनी एकही कागद टेबलावरून हलू दिला नाही. एका भागाला दोन नावे पडली किंवा दोन भागांना एकच, तर पुढचा सारा कारभार कोलमडतो, असे त्यांचे मत होते; आणि ते चुकीचे नव्हते. अशा गृहस्थाच्या मागच्या दारावरील तुळईत निनावी भुंग्यांनी बिऱ्हाड थाटावे, हा दैवाचा खोडसाळपणाच म्हणावयाचा.

भुंगे दोन तऱ्हेचे होते. काळाकुळकुळीत भुंगा लाकडाला गोल भोक पाडून आत शिरे आणि खाली भुशाची रास सोडी. दुसरा सोनेरी, हिरव्या डोळ्यांचा. तो लाकडाला तोंडही लावीत नसे, नुसता दारासमोर तरंगत येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर धावून जाई. पुस्तके चाळून मिलिमीटरांनी अनुमान बांधले की काळी ती मादी, सोनेरी तो नर, आणि दोन्ही मिळून प्रजाती एकच. परंतु अनुमानावर त्यांचे समाधान होणे शक्य नव्हते. त्यांनी एका संग्रहालयातील तज्ज्ञाला छायाचित्रे धाडली. उत्तर आले: ‘सुतार भुंगा आहे, एवढेच सांगता येते. आपल्या भागात अशा दोन प्रजाती असून त्यांच्या माद्या दिसण्यात सारख्याच असतात. नराच्या पोटाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागेल. मृत नर पाठवावा.’

“सुतार भुंगा आहे!” मिलिमीटर कडाडले. “हे तर आमच्या सुतारानंही सांगितलं असतं!”

“अहो, भुंगा म्हणा आणि मोकळे व्हा,” माझी मेहुणी म्हणाली. “आजवर कुणाचं अडलंय?”

“उद्या मी तुला नुसतं ‘बाई’ म्हणून हाक मारली तर?”

“निदान हाक तरी माराल. सकाळपासून तुळईशीच बोलताय.”

जिवंत नर मारावयाचा नाही, असा मिलिमीटरांचा निश्चय होता. आपल्या मरणाने मेलेला एखादा सापडेल, या आशेने ते रोज दाराखालची फरशी निरखीत. सापडे तो नेमका काळा. सोनेरी एकदाच सापडला, तोही मुंग्यांनी आतून साफ केलेला. त्यानंतरचा एक बहुधा मेहुणीच्या केरातून गेला. त्यावरून त्या घरात जे बोलणे झाले, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

अखेर तुळई वाकली आणि सुताराला बोलवावे लागले. त्याने बोटाने लाकूड ठोकून पाहिले. “काका, पार चाळण झालीय. आजच उतरवतो, नाहीतर डोक्यात बसेल कुणाच्या.” मग भोकातून डोकावणाऱ्या काळ्या तोंडाकडे पाहून तो हसला. “हा तर आमच्याच धंद्यातला. फरक इतकाच, की मी भोक पाडायचे पैसे घेतो.”

तुळई गेली की नावही गेले, हे मिलिमीटरांनी ओळखले. त्यांनी ती अखंड उतरवून घेतली, सामानाच्या खोलीत ठेवली आणि तिच्यावर मच्छरदाणी सोडली.

“मच्छरदाणी माझी आहे, बरं का भावजी,” मेहुणी मला म्हणाली. “डास माणसांना चावले तर चावू देत. तुळईला जपलं पाहिजे.”

एका सकाळी मी तेथे असताना भोकातून काळी मादी बाहेर आली आणि तिच्यामागून, त्याच भोकातून, सोनेरी नर. मिलिमीटरांनी माझे मनगट आवळले. “पाहिलंत? एकाच घरातून!” प्रजाती एकच, हे सिद्ध झाले. ती कोणती, हा प्रश्न मात्र जागचा हलला नव्हता. जाळीवर बसलेल्या नरावर त्यांनी काचेचा ग्लास उपडा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि तो समोर ठेवून बसून राहिले.

“मारायचा तर मारा, सोडायचा तर सोडा,” मेहुणी दारातून म्हणाली. “मला ग्लास हवाय.”

“नर डंख मारत नाही गं,” ते कसेनुसे म्हणाले.

“ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हाला इतकी वर्षं घरात ठेवलंय.”

ते हसले नाहीत. ग्लास त्यांनी स्वतः बर्फाच्या कप्प्यात ठेवला. एक जीव पुरे, असे म्हणून उरलेले भुंगे खिडकीतून सोडून दिले, आणि दुपारी जेवले नाहीत. गोठलेल्या नराची लांबी, रुंदी, उंची मोजून त्यांनी पातळ लाकडाची पेटी बनविली. ती इतकी मापात होती की भुंगा आत जराही हलेना. मी तिची तोंड भरून स्तुती केली.

तज्ज्ञाचे उत्तर पंधरवड्याने आले. गोठलेला भुंगा आखडलेला होता. वाटेत तो सैल पडून लांबला आणि पेटीच्या भिंतीशी दाबला गेला. पोटाचे टोक चिरडले होते, नेमका हवा होता तोच भाग. ‘दुसरा नमुना असल्यास पाठवावा.’

मिलिमीटरांनी पत्र घडी करून ठेवले. मग म्हणाले, “दोन भागांमध्ये थोडी मोकळी जागा सोडायची. क्लिअरन्स. नवशिक्यांना मी पहिला धडा हाच देत होतो. मारलाही मीच, आणि फुकट घालवलाही मीच.”

तोवर जुनी तुळई सुताराने नेली होती. नव्या तुळईला रंग दिलेला असल्याने तिच्याकडे एकही भुंगा फिरकेना. तेव्हा ज्या ड्रॉइंग बोर्डाला नातवंडांनाही कधी हात लावू दिला नव्हता, तो मऊ, बिनरंगाचा बोर्ड मिलिमीटरांनी छपराखाली टांगला. काळी मादी येई, कडेवर चालून पाही आणि निघून जाई.

“काय खोट आहे हो यात?” त्यांनी मला वैतागून विचारले.

“फार गुळगुळीत आहे,” उत्तर मेहुणीने दिले. “तिला सुरुवात तरी कुठून करावी कळायला नको?”

परवा मी गेलो, तेव्हा मिलिमीटर सुताराकडून आणलेल्या गिरमिटाने बोर्डाच्या कडेला भोक पाडीत होते. जुन्या भोकाचे माप त्यांना तोंडपाठ होते. “या खेपेस थोडं मोठं पाडतोय,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले.

भोक अजून रिकामेच आहे.