शिट्टीच्या आधीचा हात

"शिट्टी वाजायच्या आधी आपला हात वर पाहिजे."

हे वाक्य सर आयुष्यात किती वेळा बोलले, ते देवालाच ठाऊक. कोर्टावर बोलत, चॅपलच्या पायरीवर बोलत, घरी जेवताना पाण्याचा पेला कलंडला तरी बोलत. पेला बहुतेक वेळा त्यांच्याच कोपराने कलंडलेला असे. मग ते पंजा उघडून, कोपर ताठ ठेवून स्वतःचा हात वर धरत, आणि बायको म्हणे, "हात खाली घ्या आणि फडकं घ्या. पुण्य पुरे झालं."

सर फादर लोकांच्या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवत. सुताराचा मुलगा, उंचीने दाराच्या चौकटीला टेकणारा. मुली पाठीमागे 'खांब' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. ते नोकरीला लागले तेव्हा चॅपलच्या मागे मातीचं कोर्ट होतं. बास्केटची फळी त्यांनी स्वतः रंधा मारून बनवली होती. मुलींचा खेळ, तोही धुळीत; शिट्टी फुंकायला पंच कोण येणार? मग सरांनी नियम घातला: चेंडू ज्या टीमच्या हाताला शेवटचा लागून रेषेबाहेर जातो, त्या टीमला तो मिळत नाही; म्हणून ज्या मुलीला लागला तिने स्वतःच हात वर करायचा. गरजेपोटी आलेला नियम होता तो. पुढे वर छप्पर आलं, खाली लाकडी जमीन आली, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले पंच आले. नियम मात्र सरांनी सोडला नाही. पंचाला दिसो न दिसो, हात वर.

मुली म्हणायच्या, "फादरांपुढे आठवड्याला एकदा कबुली. खांबापुढे मिनिटामिनिटाला."

दुसऱ्या कॉलेजांचे कोच हसत. "संतांची टीम आली बघा. जाताना दोन गुण दान करून जातील." व्हायचंही तसंच. सर हरत, हात मिळवत, मुलींना मधल्या गोलात उभं करून प्रार्थना म्हणत आणि बसमध्ये पुढच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघत राहत.

त्यांना एकच लेक. तिलाही त्यांनीच शिकवलं. कोर्टावर सर, घरात पप्पा, आणि दोन्हींच्या मध्ये चॅपल. ती लहान असताना एकदा गुडघा फुटून कोर्टावर "पप्पा" म्हणून रडली, तर सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती डोळे पुसून "सर" म्हणाली तेव्हा धावत आले. मोठी झाल्यावर ती हे हसत सांगायची. पण त्या दिवसापासून कोर्टाची रेषा ओलांडली की तिची जीभ आपोआप बदलायची. आणि सर म्हणतील ते झालंच पाहिजे, मग का आणि कशाला विचारायचं नाही, हेही तिच्या हाडात तिथेच मुरलं.

लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा टीम पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचली. सरांच्या डोक्यावर तोवर पांढरं आलं होतं. त्या सकाळी त्यांनी बुटांच्या नाड्या दोनदा सोडून दोनदा बांधल्या. बायको म्हणाली, "नाड्या खेळणार नाहीयेत. मुली खेळणार आहेत."

सामना संपत आला होता आणि एका गुणाची आघाडी सरांच्या मुलींकडे होती. समोरच्या टीमची सात नंबरची मुलगी रेषेजवळ पास घ्यायला गेली. लेक झेपावली. चेंडू दोघींच्या मधून निसटून बाहेर गेला. पंचासमोर चार पाठी होत्या. त्याने अंदाजाने हात दाखवला. चेंडू सरांच्या टीमचा! म्हणजे आता नुसता धरून ठेवायचा होता. बाकावरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडू लागल्या.

तेवढ्यात रेषेवरून सरांचा आवाज आला, "हात."

लेकीने वळून पाहिलं. चेंडू तिच्या बोटांना लागला नव्हता. बोटांच्या पुढून वारा गेल्यासारखा गेला होता.

"मी पाहिलं. हात वर कर."

तिच्या ओठांवर एक शब्द आला, पण तो घरातला शब्द होता. तिने गिळला आणि हात वर केला. कोपर ताठ, पंजा उघडा.

पंचाने निर्णय फिरवला. चेंडू समोरच्यांना मिळाला, आणि त्याच सात नंबरच्या मुलीने तो बास्केटमध्ये टाकला. भोंगा वाजला. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या जिंकणाऱ्यांसाठी नव्हत्या, हात वर करणाऱ्या मुलीसाठी होत्या. लोक उठून उभे राहिले. सरांनी भर कोर्टावर लेकीला छातीशी धरलं. तिला आठवतं तेव्हापासून रेषेच्या आत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. त्यांचा शर्ट घामाने भिजला होता आणि ते तिच्या केसांत पुटपुटत होते, "सगळं मिळालं मला. सगळं मिळालं."

आईला खेळातलं ओ की ठो कळत नसे, पण लेकीचा चेहरा कळे. दुसऱ्या सकाळी टीमचे कपडे धुताना तिने साबण खाली ठेवला आणि विचारलं, "लागला होता का गं?"

लेकीने मान हलवली. नाही.

आई बराच वेळ शर्ट पिळत राहिली. त्यातलं पाणी कधीच संपलं होतं. मग म्हणाली, "त्यांना सांगू नकोस. माणूस आयुष्यभर हरत आलाय. त्याला हे एकच मिळालंय."

"पण आई, ते खोटं आहे."

"मग माझ्या नावावर लाव ते. मी बघेन वर गेल्यावर."

आणि ती वर गेलीही लवकरच. दोन हिवाळे खोकली आणि चॅपलमागच्या मातीत जाऊन निजली, जिथे जुन्या कोर्टाची एक कड अजून दिसते. लेकीच्या तोंडाला कुलूप होतंच. आता किल्लीही पुरली गेली.

टीम पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत कधी पोचली नाही. लेकीने खेळ सोडला, इस्पितळात लोकांच्या गुडघ्यांना व्यायाम देण्याचं काम धरलं, आणि वडिलांजवळच राहिली. सर मात्र त्या एका हातावर जगले. दर वर्षी नव्या मुली आल्या की त्यांना मधल्या गोलात बसवून ती गोष्ट सांगत. फादरांनी ती प्रवचनात सांगितली. गोष्ट अशी फिरली की टीमपेक्षा गोष्टच मोठी झाली. आणि लेक समोर असली की सर म्हणत, "दाखव गं, कसा केला होतास." ती हात वर करी. दर वेळी तो खांद्यात थोडा जास्त जड लागे.

मग सरांना दिवे दोन-दोन दिसू लागले. लेक त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी दिवा मारून पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू आहे. आणि हा काही आजकालचा नाही. बरीच वर्षं तुम्ही अंदाजानेच बघत आला असणार."

सर हसले. "डॉक्टर, कोचचं सगळं अंदाजावरच असतं."

लेक हसली नाही. तिच्या हातातली त्यांची टोपी चुरगळली होती.

ऑपरेशन झालं, नवी भिंगं बसली. घरी येऊन सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या कपाळावर एवढ्या रेघा कधी आल्या?"

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम हॉलमध्येच ठेवला. खुर्च्या मांडताना सरांचा जीव वरखाली. "पायांखाली पोती घाला, जमिनीला ओरखडे पडतील." हॉलची झाडलोट करणारे काका म्हणाले, "सर, आज तरी पाहुण्यासारखे बसा. ओरखडे आम्ही मोजू." चहा झाला, जुन्या मुली आल्या, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या डोक्यात पांढरे केस. प्राचार्य फादर बोलायला उभे राहिले आणि अर्थात तीच गोष्ट निघाली. शेवटी ते म्हणाले, "आणि तो हात आज इथे बसलाय. दाखव बेटा."

लेकीने हात वर केला. अर्धाच.

तेवढ्यात मागच्या रांगेतून अजून एक हात वर आला. ताठ, पंजा उघडा.

फादर हसले. "प्रश्न नंतर घेऊ."

"प्रश्न नाही, फादर. हात आहे." ती बाई उठून उभी राहिली. "मी सात नंबर. आता मीही मुलींना शिकवते, सरांचाच नियम शिकवते. त्या दिवशी चेंडू माझ्या अंगठ्याला लागून गेला होता. नख मोडलं होतं माझं. मी मूठ मिटून घेतली. हिने हात वर केला तेव्हा मला वाटलं, हिलाही लागला असेल. मग वाटलं, नसेलच लागला. इतकी वर्षं मी मुलींना हात वर करायला सांगते, आणि दर वेळी अंगठा ठसठसतो. सर, मला माफ करा."

लोकांना भरून आलं. केवढ्या टाळ्या पडल्या. फादर डोळे पुसत म्हणाले, "पाहा, पेरलेलं कुठे कुठे उगवतं!"

फक्त सर टाळ्या वाजवत नव्हते. ते लेकीकडे बघत होते. नव्या भिंगांतून त्यांना तिचं खाली आलेलं तोंड अगदी स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी सात नंबरच्या बाईला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. भाषण केलं नाही, घसा बसलाय म्हणाले. लोक पांगले, खुर्च्या उचलल्या गेल्या. मग सर रेषेपाशी गेले, त्या दिवशी उभे होते तिथे.

"काका, जरा इकडे या. इथे उभे राहा, सात नंबरच्या जागी."

"मी? सर, माझ्या हातात झाडू आहे."

"असू दे." मग लेकीला म्हणाले, "तू झेप घे. त्या दिवशी घेतली होतीस तशी."

ती गेली. वयाने जड झालेलं अंग पुढे टाकून हात लांबवला आणि तशीच थांबली. तिच्या बोटांच्या आणि काकांच्या मध्ये वीतभर मोकळी जागा होती. सर त्या जागेकडे बघत राहिले.

"किती स्वच्छ दिसतं इथून," ते म्हणाले.

मग ते लेकीकडे वळले.

"तुला लागला नव्हता."

"नाही."

"मग वर का केलास?"

"तुम्ही सांगितलंत. कोर्टावर होते ना मी."

"घरी तर मी पप्पा होतो."

लेकीला रडू फुटलं. "आई म्हणाली, सांगू नकोस. म्हणाली, त्यांना हे एकच मिळालंय."

सरांनी मान हलवली, जणू कुणीतरी त्यांना बरोबर गुण सांगितले होते. "म्हणजे तिलाही माहीत होतं." मग म्हणाले, "मी तुम्हाला खरं बोलायला शिकवलं असं म्हणत आलो. माझ्या घरातल्या दोघींना माझ्याशी खरं बोलता येईना, हे कुणी शिकवलं?"

"पप्पा, गोष्ट चांगलीच होती."

ती अजून रेषेच्या आत उभी होती. आत उभं राहून ती पप्पा म्हणाली, आणि ते त्यांनी ऐकलं. पुढे होऊन त्यांनी तिचा लांबवलेला हात धरला, हळूच खाली आणला, आणि दुखऱ्या खांद्यावरून एकदा अंगठा फिरवला. "किती वर्षं धरून ठेवलास गं," एवढंच म्हणाले.

गळ्यातली शिट्टी त्यांनी काढून काकांच्या हातात दिली आणि बाहेर पडले. फाटकाकडे गेले नाहीत. चॅपलच्या बाजूने मागे जाणारी पायवाट धरली, जिथे त्यांची बायको होती. ऊन कलत आलं होतं. उंच माणूस, पण चाल अशी की पायाखाली काय आहे ते आता पहिल्यांदाच दिसतंय. जुन्या कोर्टाच्या कडेपाशी ते थांबले. पाठमोरेच. मग त्यांचा उजवा हात वर गेला. कोपर ताठ, पंजा उघडा. बराच वेळ तसाच राहिला. शिट्टी कुणी वाजवणार नव्हतं.

हॉलच्या दारात काका झाडू खांद्याला टेकवून उभे होते, आणि शेजारी लेक. हात खाली आला, सर चॅपलच्या कोपऱ्याआड गेले, तरी दोघं तिथेच बघत राहिली.