तांदळात लिहिलेलं नाव

युनिव्हर्सिटीला एकोणीस कागद हवे होते आणि मी एकोणीसच्या एकोणीस मुदतीच्या दोन महिने आधी मार्गी लावले होते. फ्रिजवरच्या यादीत प्रत्येकापुढे खूण होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचा घोळ माझ्या धांदरटपणामुळे झाला असं आमच्या जर्सी सिटीतल्या मैत्रिणींनी परस्पर ठरवून टाकलं. त्यातल्या दोघी मुलांच्या शाळेचे फॉर्मसुद्धा नवऱ्याकडून भरून घेतात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं संपवली. विषय बायॉलॉजी. उरलेली दोन वर्षं युनिव्हर्सिटीत केली की पदवी आणि मग लॅबमध्ये नोकरी, एवढा सरळ हिशेब होता. जागा मिळाली होती, पण एका अटीवर: आजवर ज्या ज्या कॉलेजात शिकलात, त्या प्रत्येकाचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, थेट त्या कॉलेजकडून यायला हवं. लग्नाआधी मी अमरावतीला बी.एस्सी.चं पहिलं वर्ष केलं होतं. भावाने तिथे चार हेलपाटे घातले, तेव्हा कुठे सीलबंद पाकीट निघालं.

एका सोमवारी ईमेल आली: भारतातलं ट्रान्स्क्रिप्ट मिळालेलं नाही, शुक्रवारी पाचपर्यंत न आल्यास जागा दुसऱ्याला दिली जाईल.

मंगळवारी सकाळी मी युनिव्हर्सिटीत प्रवेशाचं बघणाऱ्या अ‍ॅडव्हायझरसमोर बसले. माझ्या मुलीच्या वयाचा तरुण. समोरच्या टेबलावर तीन रोपं, पेन एकही नाही. कॉम्प्युटरवर बराच वेळ शोधून तो म्हणाला, "अमरावतीहून एक पाकीट आलंय खरं. पण ती विद्यार्थिनी वेगळी आहे. तिने अर्जच केलेला नाही."

ती विद्यार्थिनी मीच होते. लग्नात माझं नाव बदललं. आडनाव आणि वडिलांचं नाव तर गेलंच, पण ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने लिहून, पहिलं नावही बदललं. नवं नाव सासूबाईंनी निवडलं होतं. मला ते ताटात वाचून कळलं.

हे सगळं मी त्याला चार वाक्यांत सांगितलं. त्याचे डोळे चमकले.

"किती सुंदर प्रथा. तुम्ही हे तुमच्या निबंधात लिहायला हवं."

"निबंध देऊन झालाय. यादीत सातव्या क्रमांकावर होता."

"ओके. मग तुम्ही दोघी एकच आहात याचा काही कागद?"

तसा कागद माझ्या यादीत नव्हता. एकोणीस कागद गोळा करताना अर्धे एका बाईचे आहेत आणि अर्धे दुसरीचे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतरांच्या चुकांवर हसणाऱ्या बाईकडून ही चूक व्हावी, याचा मला आजही राग येतो.

घरी येताना एका मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, ते अमरावतीचं वर्ष अर्जातून उडवूनच टाक ना. त्यांना काय कळतंय, यार?" काहीही लपवलेलं नाही असं मी सहीनिशी लिहून दिलं होतं. ते तिला समजावत बसले नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"मग लिहून दे ना, की तू नाव बदललंस."

"मी नाही बदललं. तुझ्या आईने बदललं."

तो म्हणाला, "ग्रीन कार्डच्या वेळी मॅरेज सर्टिफिकेट लागलं होतं. त्यात असेल दोन्ही."

ग्रीन कार्डची निळी फाइल त्याच्या कपाटात असते. तिच्यात मी त्याची पत्नी म्हणून आहे, म्हणून ती उघडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. सर्टिफिकेट मिळालं, मागे इंग्रजी भाषांतर जोडलेलं, शिक्क्यासह. वधूचं लग्नापूर्वीचं नाव, लग्नानंतरचं नाव, एकाखाली एक. एवढी वर्षं ते त्याच्या मोज्यांच्या खणाखाली होतं.

बुधवारी नऊ वाजता मी पुन्हा त्या रोपांसमोर होते. अ‍ॅडव्हायझरने कागद स्कॅन केला, दोन फायली एक केल्या, त्याला चार मिनिटं लागली. जागा पक्की झाली. मग त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "इथे एक रकाना आहे. वर्गात तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?"

कम्युनिटी कॉलेजात हा रकाना मी दरवेळी रिकामा सोडत असे. वीस वर्षांच्या पोरांचे चोचले, असं माझं मत होतं. या वेळी कीबोर्ड पुढे ओढला आणि अमरावतीचं नाव टाइप केलं.

ऑगस्टमध्ये त्याच नावाचं ओळखपत्र आलं. नवऱ्याने ते हातात घेऊन दोनदा वाचलं.

"आईला सांगायचं का?"

"माझ्या यादीत नाहीये ते," मी म्हटलं. "तुझ्या यादीत असेल तर सांग."