आधी हाक मारून बघा

दौंडकडच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटरवर नवा लागलो, तेव्हा माउस नव्हता. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची. आठवडाभर आम्हाला शिकवायला दुसऱ्या कारखान्यातले एक ऑपरेटर आले होते. मशीनसाठी लावलेल्या एसीत ते खांद्यावर घोंगडी घेऊन बसायचे. एंटर दाबण्याआधी दोन्ही हात मांडीवर ठेवून ओळ पुन्हा वाचायचे.

मी एकामागून एक चालणाऱ्या कमांडची पहिली स्क्रिप्ट लिहिली, गेल्या वर्षीच्या ऊसनोंदी पुसायची. एंटरवर बोट जाणार, तोच त्यांनी मनगट धरलं.

“पुसायची कमांड काढा. तिथं ‘एको’ लिवा. काय पुसणार न्हाई, नुसती नावं दिसत्याल.”

दिसली. गावागावांच्या फायली: मांडवगण, खुटबाव... गेल्या वर्षीची, आणि चालू हंगामाचीसुद्धा! तीही पुसली गेली असती.

ते हसले. “आमी मेंढरंवाले. बाजाराला काढायच्या आधी हाक मारून बघतो, कोन कोन मान वर करतंय. मग दावं लावायचं.”

आजही मी आधी एकोच लिहितो. त्यांचं नाव मात्र विचारायचं राहिलं. आम्ही नुसतं मामा म्हणायचो. आणि त्यांच्या तिकडं मामा अशी हाक मारली, तर निम्मा तालुका मान वर करील.