चष्म्याच्या दुकानातला मुलगा

काल चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा फ्रेम लावून बघत होता. "मला काहीही शोभतं," असं विक्रेत्या मुलीला ऐकवत होता. केवढा हा तोरा, असं वाटून मला हसू आलं. मग एक काळी फ्रेम लावून तो वडिलांकडे वळला.

"बाबा, ही कशी वाटते?"

मोबाइलवरची नजर न उचलता वडील म्हणाले, "तुझ्या तोंडाला काय शोभणार? घे कुठलीही."

सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला.

वडील स्कूटर काढायला गेले, तसा तो हळूच मला म्हणाला, "काकू, खरं सांगा, बरा दिसतो ना मी?"

"छान दिसतोस रे." आणि ते खरंच होतं.

"सगळे असंच म्हणतात," तो एवढासा होऊन म्हणाला.

घरात जे मिळायचं राहून जातं, ते ही पोरं जगाकडे मागत फिरतात. जग देतंही, पण भूक भागत नाही.

बाहेर हॉर्न वाजला. "आलो, बाबा!" म्हणत तो धावला. स्कूटरवर मागे बसून, वडिलांच्या कानाशी वाकून तो काहीतरी सांगत राहिला. वडील समोर बघत होते.